सहलीच्या वाटेवरची आपली नावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळी सहलींच्या पानभर जाहिराती सुरू झाल्या की पुण्यात पासपोर्ट-व्हिसाची धावपळ सुरू होते. पॅरिस-ब्रुसेल्स-ॲमस्टरडॅम, रोम-फ्लॉरेन्स-व्हेनिस, सिंगापूर-मलेशिया हे आपल्याकडच्या प्रवाशांचे मळलेले रस्ते. या तिन्ही रस्त्यांवर, थोडी वाट वाकडी केली की, अविभाजित हिंदुस्थानच्या फौजेतल्या माणसांची नावे दगडावर कोरलेली सापडतात. पहिल्या महायुद्धात या फौजेतले सुमारे ७४,००० आणि दुसऱ्यात सुमारे ८७,००० जण गेले. त्यांत सातारा, रत्नागिरी, कुलाबा, पुणे या जिल्ह्यांतली माणसे आहेत. अपशिंग्यासारख्या गावाला 'मिलिटरी' हे नाव लागले ते उगीच नव्हे. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र ही ठिकाणे क्वचितच असतात, आणि जे कुटुंब आपण होऊन पणजोबांचे नाव शोधायला जाते, ते बऱ्याचदा नाव न सापडता परत येते. नाव न सापडण्याची कारणे ठरलेली आहेत आणि ती निघण्यापूर्वी घरी बसूनच दूर करता येतात. त्यासाठी हे जरा लांबलेले पत्र.

पहिले कारण अगदी साधे आहे. लोक थडग्यांच्या रांगांत नाव शोधतात. हिंदू आणि शीख सैनिकांना शक्य असेल तिथे अग्नी दिला जाई, त्यामुळे त्यांचे थडगे नसतेच. त्यांची नावे दहनस्मारकावर असतात. हे स्मारक म्हणजे बहुधा मोठ्या दफनभूमीच्या एका कडेला किंवा मुख्य स्मारकाच्या मागे उभी केलेली एखादी भिंत किंवा शिळा. ज्यांचा देह सापडला नाही, त्यांची नावे भिंतीवरच्या फलकांवर. हिरवळीवरच्या पांढऱ्या रांगा पाहून माणूस इतका भारावतो की मागची भिंत पाहायची राहते, आणि आपली माणसे नेमकी त्या भिंतीवर असतात. मुसलमान सैनिकांची थडगी असतात. काही ठिकाणी, विशेषतः इस्पितळांजवळच्या दफनभूमींत, हिंदूंच्या नावाचेही दगड आहेत, त्यांच्यावर देवनागरीत 'ॐ भगवते नमः' कोरलेले असते.

दुसरे कारण रणभूमीचे. पणजोबा 'जर्मनीच्या लढाईत' गेले एवढेच घरात माहीत असते, म्हणून कुटुंब फ्रान्स गाठते. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढला. सहावी पूना डिव्हिजन तुर्कांनी घातलेल्या कुत या गावाच्या वेढ्यात ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत अडकली आणि अखेर शरण गेली. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. वेढ्यात जितके गेले त्याहून कितीतरी अधिक कैदेतल्या पायपिटीत आणि तुर्की छावण्यांत गेले. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि थडगे नसलेल्या ४०,००० हून अधिक जणांचे स्मारक बसऱ्याला आहे. १९९७ मध्ये ते मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर, ३२ किलोमीटर दूर, पुन्हा उभारले गेले. आज ते सहलीचे ठिकाण नाही आणि कोणी हौसेने तिकडे जाऊही नये. शिवाय तिथे गेले तरी साध्या शिपायाचे नाव दिसणार नाही. बसऱ्याच्या दगडावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली, शिपायांची पलटणवार फक्त संख्या कोरली. नावे कागदोपत्री नोंदीत आहेत, दगडावर नाहीत. या भेदभावाची कबुली युद्धातल्या मृतांची थडगी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ मध्ये स्वतःच्या चौकशी अहवालात दिली. हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन मिळून ४५,००० ते ५४,००० मृतांच्या स्मरणात असमानता झाली, असा अंदाज त्या अहवालात आहे. १९१७ साली स्थापन झालेल्या या कमिशनचे तत्त्वच मुळी हुद्दा, वंश, धर्म न पाहता प्रत्येकाचे नाव कोरण्याचे होते. म्हणूनच ही गोष्ट मनाला लागते.

तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी कमिशनच्या संकेतस्थळावर मृतांची यादी पाहावी. ती फुकट आहे. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या मुदतीत सेवेत असताना मृत्यू पावलेल्यांची नोंद तिच्यात असते. लढाई संपल्यावर इस्पितळात तापाने गेलेला माणूसही यात येतो, म्हणून 'ते काही गोळीने गेले नाहीत' असे म्हणून शोध सोडू नये.

आडनावाने शोधताना आपले आजचे स्पेलिंग उपयोगी पडत नाही. कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिले आहे. पवार हवे असतील तर पोवार, भोसले हवे असतील तर भोंसले, शिंदे हवे असतील तर सिंदे, यशवंत हवा असेल तर येशवंत, असे सगळे करून पाहावे. कित्येक नोंदींत आडनावच नाही, फक्त नाव आणि बापाचे नाव आहे. अशा वेळी पहिले नावच आडनावाच्या रकान्यात टाकावे. 'मराठा' हा शब्द त्या काळच्या इंग्रजीत एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असा लिहीत, मधला एच आणि दोन टी विसरले की पलटणच सापडत नाही. अधिक माहितीच्या रकान्यात बापाचे नाव, गाव आणि जिल्हा असतो, पण जिल्हा त्या काळचा. रायगडकरांनी कुलाबा शोधावे, सिंधुदुर्गवाल्यांनी रत्नागिरी, आणि संस्थानी मुलुखातल्यांनी कोल्हापूर, फलटण, औंध अशी संस्थानांची नावे.

पलटणीचे नाव हा त्याहून मोठा घोळ. आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या जुन्या बटालियन १९२२ पूर्वी स्वतंत्र क्रमांकाच्या रेजिमेंट होत्या: १०३, १०५, ११०, ११६, ११७ आणि ११४. १९२२ मध्ये त्या एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धातल्या नोंदी त्या नावाखाली मिळतात. आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचेही, म्हणजे पूल-खंदक बांधणाऱ्या पलटणीचेही, तसेच. पहिल्या महायुद्धात त्यांचे अधिकृत नाव 'थर्ड सॅपर्स अँड मायनर्स' होते, 'बॉम्बे' हा शब्द त्यात नव्हताच. फलकावर 'बॉम्बे' शोधणाऱ्याला ते दिसणार नाहीत.

घरात जुनी पदके असतील तर निम्मे काम झाले. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. भिंग घेऊन वाचावी आणि पदक चिंचेने किंवा पावडरने घासू नये, अक्षरे झिजतात. साधारण १२ सेंटिमीटर व्यासाची काशाची गोल चकती असेल तर ती मृताच्या वारसांना दिलेली आहे. तिच्यावर फक्त नाव असते, हुद्दाही नाही आणि क्रमांकही नाही. एकाच नावाचे दहा-बारा गणपत किंवा रामा निघतात तेव्हा निवाडा शेवटी क्रमांकावरच होतो. एखादे नाव यादीत नसलेच, किंवा चुकीचे पडले असेल, तर कागदपत्रांच्या आधारे कमिशनकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो.

नोंद सापडली की तिच्यातल्या जागेच्या खुणेचा अर्थ समजून घ्यावा. थडगे असेल तर रोमन आकडा म्हणजे भाग, इंग्रजी अक्षर म्हणजे रांग आणि शेवटचा अंक म्हणजे त्या रांगेतले थडगे. स्मारक असेल तर फलक किंवा खांबाचा क्रमांक दिलेला असतो. फलकावर आधी पलटण, मग हुद्दा, मग नाव असा क्रम असतो. म्हणजे सुभेदार, जमादार, हवालदार, नाईक, लान्स नाईक, शिपाई असे उतरत यायचे. भिस्ती, खानसामा, खेचरवाले हे 'फॉलोअर' म्हणून वेगळे लावलेले असतात, त्यामुळे त्यांचे वंशज शिपायांत शोधून दमतात. नोंद कागदावर छापून न्यावी, शेतातल्या दफनभूमीत फोनला रेंज असेलच असे नाही. नकाशावर ठिकाण टाकताना कमिशनने दिलेले अक्षांश-रेखांश टाकावेत. फ्रान्समध्ये एकाच गावाच्या नावाने 'टाउन', 'कम्युनल', 'मिलिटरी' आणि 'एक्स्टेन्शन' अशा तीन-चार दफनभूमी असू शकतात, आणि चुकीच्या फाटकावर उतरलेल्या माणसाला बरोबर फाटक शोधण्यात अर्धा दिवस जातो.

हे सगळे वाचायला शिकण्याची उत्तम जागा पुण्यातच आहे. खडकीची युद्ध दफनभूमी मुळा रोडवर आहे. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेली दुसऱ्या महायुद्धातली थडगी इथे एकत्र आणली, ती १,६६८ आहेत. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात मेलेल्या आणि ज्यांच्या थडग्यांची निगा राखणे शक्य नव्हते अशा १,८०० हून अधिक जणांची नावेही तिथल्या स्मारकावर आहेत. दगड कसा वाचायचा ते इथे एका सकाळी कळते: वर पलटणीचे चिन्ह, मग क्रमांक, हुद्दा, नाव, तारीख, वय, धर्मचिन्ह आणि अगदी तळाशी घरच्यांनी सांगितलेली ओळ. जनरल असो की शिपाई, दगड त्याच मापाचा. इंग्लंड-स्कॉटलंडची कुटुंबे आपले माणूस शोधत खडकीला येतात. ते ज्या आस्थेने येतात त्याच आस्थेने आपण त्यांच्याकडे जावे, एवढेच मागणे आहे.

आता ठिकाणांबद्दल. सगळ्यांत आधी न्यूव्ह शापेल. उत्तर फ्रान्समधल्या या खेड्याजवळ, ला बासेहून एस्तेरकडे जाणाऱ्या डी-९४७ रस्त्याच्या चौकात, पश्चिम आघाडीवरच्या हिंदी फौजेचे मुख्य स्मारक आहे. थडगे नसलेल्या ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची आणि मजुरांची नावे त्यावर आहेत. वास्तुरचना हर्बर्ट बेकर यांची, उद्घाटन ७ ऑक्टोबर १९२७ चे. अशोकस्तंभावरून सुचलेला सुमारे १५ मीटर उंचीचा खांब, माथ्यावर कमळ, पायथ्याशी दोन वाघ, समोर दगडी जाळी आणि मागे अर्धगोल भिंत. नावे त्या मागच्या भिंतीवर. मार्च १९१५ ची लढाई सर्वांना ठाऊक असते, पण पुणेकरांनी २८ ऑक्टोबर १९१४ ही तारीख लक्षात ठेवावी. त्या दिवशी खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या ४७ व्या शिखांबरोबर याच गावात घुसल्या. पूल बांधणारी, खंदक खणणारी ही माणसे त्या दिवशी पायदळासारखी घरोघर लढली आणि फार मोठ्या संख्येने पडली. भिंतीवर 'थर्ड सॅपर्स अँड मायनर्स' या मथळ्याखाली ती आहेत. जवळच्या बेथ्यूनच्या टाउन सिमेट्रीत पूना हॉर्स या घोडदळाचे लेफ्टनंट फ्रँक दे पास यांचे थडगे आहे. नोव्हेंबर १९१४ मध्ये फेस्त्यूबेरला केलेल्या पराक्रमासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्याचे सर्वोच्च पदक मिळाले.

हे स्मारक सहलीत बसत नाही, असे सांगितले जाते. ते बसते. पॅरिसहून ब्रुसेल्सला जाणारी बस ए-१ महामार्गाने लान्स-लीलच्या भागातून नेता येते. तिथून हे ठिकाण एका बाजूला साधारण तीसेक किलोमीटर. युरोपीय नियमाप्रमाणे बसचालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. ती महामार्गावरच्या कॉफीच्या दुकानात न घेता इथे घेतली तर वेळेचा हिशेब फारसा बिघडत नाही. दोन गोष्टी मात्र टूर मॅनेजरने आधी पाहाव्यात. या स्मारकांवर आणि दफनभूमींत स्वच्छतागृह नसते, तेव्हा ज्येष्ठ मंडळींसाठी आधीचा थांबा महामार्गावर घ्यावा. आणि मोठी बस उभी करायला जागा बेताची असते, म्हणून प्रवाशांना उतरवून बस पुढे नेण्याचे चालकाशी आधीच ठरवावे. ४५ मिनिटांत वीस-बावीस माणसे शांतपणे भिंत वाचू शकतात. पन्नास जणांना तासभर लागतो.

स्वतःच्या गाडीने किंवा रेल्वेने फिरणाऱ्यांनी बेल्जियममधले ईपर जोडून घ्यावे. ब्रुसेल्सहून रेल्वेने सुमारे दोन तास. तिथल्या मेनिन गेट या स्मारककमानीवर ५४,००० हून अधिक नावे आहेत, हिंदी पलटणींचीही. रोज रात्री आठला तिथे बिगुलावर 'लास्ट पोस्ट' ही मानवंदनेची धून वाजते. १९२८ पासून, जर्मन ताब्याची वर्षे सोडता, हा क्रम चुकलेला नाही. पुढे उभे राहायचे असेल तर सातच्या सुमारास पोचावे. टाळ्या वाजवू नयेत. मात्र परतीची गाडी आधी पाहून ठेवावी, रात्री गाड्या विरळ होतात.

दक्षिण फ्रान्सला जाणाऱ्यांसाठी मार्सेयचे माझार्ग आहे. १९१४ मध्ये हिंदी फौज याच बंदरात उतरली, आणि तिथल्या दफनभूमीत हिंदी स्मारक आहे. इंग्लंडला जाणाऱ्यांनी लंडनहून तासाभरावरच्या ब्रायटनला जावे. तिथल्या राजवाड्यात हिंदी जखमींचे इस्पितळ होते. त्यात दगावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना पॅचमजवळच्या टेकडीवर अग्नी देऊन रक्षा समुद्रात सोडली. जिथे चिता रचल्या तिथेच संगमरवरी छत्री उभी आहे. ई. सी. हेन्रिक्स या तरुण हिंदी वास्तुविशारदाने ती आखली आणि १ फेब्रुवारी १९२१ ला तिचे अनावरण झाले. ५३ नावे मात्र २०१० मध्ये शेजारच्या शिळेवर कोरली गेली, म्हणून फक्त छत्री पाहून परत फिरू नये. गाडी वर जात नाही. कुरणातून चढणीची पायवाट आहे, पावसानंतर चिखल असतो, साडी किंवा सपाट चपला असतील तर त्रास होतो. वाटेत गुरांसाठी फाटके असतात, उघडलेले फाटक मागे लावायचेच. लंडनमध्येच थांबणाऱ्यांना हाइड पार्क कॉर्नरजवळची, हिंदी फौजेचीही आठवण ठेवणारी, मेमोरियल गेट्स पायी गाठता येतात.

इटली हा मराठी माणसाच्या दृष्टीने सर्वांत जवळचा मुलूख, आणि याच देशातून आपण फक्त पिसाचा मनोरा पाहून येतो. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात माणगाव तालुक्यातल्या नाईक यशवंत घाडगे यांनी, तुकडीतले सोबती पडल्यावर, एकट्याने मशिनगनच्या ठाण्यावर चालून जाऊन ते घेतले आणि तिथेच गोळ्या लागून ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे थडगे नाही, नाव कॅसिनो स्मारकावर आहे. कॅसिनो रोमच्या आग्नेयेला सुमारे १४० किलोमीटरवर असून रेल्वेने एका दिवसात जाऊन-येऊन होते. दफनभूमीत ४,००० हून अधिक थडगी आहेत, पण नावांचे फलक मधल्या पाण्याच्या कुंडाभोवती हिरव्या संगमरवरावर आहेत. पेरूजाजवळच्या मोंतोने गावात २०२३ च्या जुलैमध्ये घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातले स्मारक उभे राहिले. रोम-फ्लॉरेन्स रस्त्यावरच्या आरेत्सोला हिंदी दहनस्मारक आहे. फोर्लीला तर खास हिंदी फौजेची दफनभूमी आणि जवळजवळ ८०० नावांचे दहनस्मारक आहे. त्याच भागातल्या सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. ते जगले, वाचले आणि १९८४ मध्ये पुण्यातच वारले.

सिंगापूरचे क्रांजी सर्वांत सोपे. मेट्रोच्या नॉर्थ-साउथ लाइनवर क्रांजी स्थानक, तिथून चालत साधारण एक किलोमीटर. सकाळी लवकर जावे, दहानंतर चढावर ऊन लागते आणि सावली थोडी. सिंगापूर स्मारकाच्या खांबांवर २४,००० हून अधिक नावे आहेत. त्याच्या लगेच मागे जवळजवळ ८०० जणांचे दहनस्मारक आहे, बहुतेक हिंदी. बहुतेक प्रवासी समोरच्या स्मारकाचा फोटो काढून वळतात, म्हणून मुद्दाम सांगतो: मागे जा. त्याच दिवशी एस्प्लनेड पार्कमधली आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची खूणही पाहावी. मूळ स्मारक १९४५ मध्ये इंग्रजांनी पाडले, आजची खूण १९९५ ची आहे. आझाद हिंद सेनेतले मृत कमिशनच्या यादीत सहसा नसतात, हे त्यांच्या नातवंडांनी ध्यानात ठेवावे. थायलंडला कांचनाबुरीची, जपान्यांनी सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर राबवलेल्या युद्धकैद्यांची, दफनभूमी पाहणाऱ्यांनी हे आठवावे की त्याच रेल्वेमार्गावर मेलेल्या हजारो तमिळ मजुरांना नावाचा दगड मिळालेला नाही. श्रीलंकेला जाणाऱ्यांसाठी कोलंबोत, संसदेच्या परिसरात, १९८७-९० मध्ये तिथे गेलेल्या भारतीय शांतिसेनेचे स्मारक आहे. हजाराहून अधिक नावे. त्यातल्या कित्येकांच्या आई, पत्नी, मुले आज हयात आहेत.

तिथे काय करावे, यापेक्षा काय करू नये हे सांगणे जास्त गरजेचे आहे, कारण आपल्या भक्तिभावातूनच नुकसान होते. बहुतेक दगड चुनखडीच्या जातीचा, सच्छिद्र असतो. हळद, कुंकू, तेल, दूध त्यात मुरते आणि पुसून जात नाही. जोराने घासले तर अक्षरे जातात. पणती लावू नये, काजळी धरते. नारळ फोडू नये. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, वाळू, पावडर चोळू नये. सकाळचे किंवा संध्याकाळचे तिरपे ऊन असताना फोटो काढावा, अक्षरे आपोआप उठतात. ऊन नसेल तर दुसऱ्याने बाजूने टॉर्च धरावा. थडग्याच्या पायथ्याशी लावलेल्या फुलझाडांच्या पट्ट्यात पाय देऊ नये, फोटोसाठी दगडावर हात टेकू नये किंवा बसू नये. डबा बसमध्येच ठेवावा.

गावची माती न्यावी आणि तिथली आणावी, ही इच्छा फार कुटुंबांना होते. समजण्यासारखी आहे, पण भारतातून युरोपात माती नेण्यास बंदी आहे आणि परवान्याशिवाय भारतात आणण्यासही. झेंडूची फुले, तुळशीचे रोप यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, तो नसेल तर विमानतळावर काढून घेतात. फुले तिथेच घ्यावीत, प्लास्टिकचे वेष्टण काढून ठेवावीत. फ्रान्समधल्या छोट्या गावांत रविवारी दुपारनंतर आणि पुष्कळदा सोमवारीही दुकाने बंद असतात, तेव्हा आदल्या दिवशीच सोय करावी. फुलांबरोबर घरच्या मंडळींचा फोटो आणि मराठीत लिहिलेली चिठ्ठी ठेवली तर कोणी हरकत घेत नाही.

उत्तर फ्रान्स आणि बेल्जियममध्ये शेताच्या बांधावर गंजलेले तोफगोळे ठेवलेले दिसतात. नांगरताना ते अजूनही वर येतात. त्यांना हात लावू नये, मुलांना जवळ जाऊ देऊ नये. काही जिवंत असतात, काहींत विषारी वायू असतो. गंजका तुकडा आठवण म्हणून बॅगेत टाकला तर विमानतळाच्या तपासणीत विमान चुकते आणि गुन्हाही लागू शकतो. डिसेंबर-जानेवारीत तिकडे साडेचार-पाचलाच अंधारते, तेव्हा दुपारनंतर निघून उपयोग नाही. ११ नोव्हेंबरला मोठे कार्यक्रम असतात, पण फ्रान्स आणि बेल्जियममध्ये त्या दिवशी सुट्टी असल्याने बस-रेल्वे कमी धावतात.

पुण्यातल्या सहल कंपन्यांना विनंती अशी: युरोपच्या कार्यक्रमात न्यूव्ह शापेल, इटलीच्या कार्यक्रमात आरेत्सो किंवा कॅसिनो, सिंगापूरच्या कार्यक्रमात क्रांजी यांपैकी एक थांबा नावानिशी छापावा. ऐच्छिक म्हणून शेवटच्या दिवशी विचारले तर खरेदीच जिंकते. नोंदणीच्या वेळी प्रवाशांना 'घरातले कोणी महायुद्धात गेले होते का' एवढे विचारावे आणि ज्यांनी हो म्हटले त्यांची नोंद निघण्यापूर्वी शोधून, फलकाचा क्रमांक छापून हाती द्यावा. एका माणसाचे दोन तासांचे काम आहे. आपल्या वृत्तपत्राने वाचकांकडून अशी घराघरांतली नावे, गावे आणि पदकांवरचे क्रमांक मागवले तर यादीतल्या चुकीच्या नोंदी दुरुस्त करायलाही आधार मिळेल.

बहुतेक दफनभूमींच्या फाटकाजवळ भिंतीत एक छोटी पेटी असते. तिच्यात नावांची नोंदवही, जागेचा आराखडा आणि भेट देणाऱ्यांची वही ठेवलेली असते. वहीत तारीख, नाव, देश आणि अभिप्राय असे रकाने असतात. मराठीत लिहावे, देशाच्या रकान्यात भारत आणि त्यापुढे आपल्या गावाचे नाव. पावसाळी हवेत शाईचे पेन ओल्या कागदावर पसरते, म्हणून बरोबर साधे बॉलपेन ठेवावे, आणि पेटीचे झाकण नीट लावावे.

कळावे,
आपला,
एक वाचक,
पुणे